३,३५,५०,३३६ या संख्येविषयी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. ३,३५,५०,३३६ चे पानभर गुणधर्म तू एकाखाली एक लिहिलेस: सम, परिपूर्ण (स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तीच संख्या), त्रिकोणी (१ पासून ओळीने घेतलेल्या संख्यांची बेरीज), अंकांची बेरीज २८. यातले काही गुण संख्येचे आहेत आणि काही आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे. ते आधी वेगळे कर.

२८ स्वतः परिपूर्ण, म्हणून तू त्याला चौकट केलीस. आता हीच ३,३५,५०,३३६ द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिही. १३ वेळा १ आणि पुढे १२ शून्यं. बेरीज १३, चौकट गेली. परिपूर्णता मात्र जागची हलत नाही. संख्या कशीही लिही, ती स्वतः सोडून उरलेल्या २५ विभाजकांची बेरीज तीच येणार.

म्हणून अंकांचे खेळ सोडून दे असं मी म्हणत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या (आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या) आणि ६१७४ (चार अंकांची उलटसुलट मांडणी करून वजाबाकी करत गेलं की जिथे येऊन थांबतो ती संख्या) त्यातूनच आपल्याला दिल्या. आणि कधीकधी अंकांखाली नियम दडलेला असतो. २८ च्या अंकांची बेरीज १०, मग १. ४९६ आणि ८१२८ चंही तेच. का? युक्लिडची रीत आठव: २ चा घात घ्यायचा, त्याच्या दुपटीतून १ वजा करायचा, ती वजाबाकी मूळ संख्या आली तर दोन्हींचा गुणाकार परिपूर्ण. इथे ४०९६ × ८१९१. सगळ्या सम परिपूर्ण संख्या अशाच असतात हे ऑयलरने सिद्ध केलं. ६ सोडला तर पहिला गुणक नेहमी ४ चा घात, म्हणजे ३म + १ असा; मग दुसरा ६म + १. गुणाकार १८म² + ९म + १. नऊने भागल्यावर बाकी १ उरणारच, आणि अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी हीच बाकी हाती येते. लाल चौकट याला कर.

८१९१ मूळ आहे हे तू मोबाइलला विचारलंस. हाताने करून बघ. वर्गमूळ ९० च्या जरा वर, म्हणजे चोवीस मूळ संख्यांनी भागायचं. पण २ च्या तेराव्या घातातून १ वजा केल्यावर जे येतं, त्याच्या मूळ विभाजकाला २६ ने भागलं तर बाकी १ च उरते. फर्माच्या छोट्या प्रमेयातून हे निघतं. मग उरतात फक्त ५३ आणि ७९. बाक्या २९ आणि ५४. दोन भागाकारांत काम झालं. अकराव्या घाताला मात्र २०४७ = २३ × ८९ आडवं येतं, म्हणूनच ८१२८ नंतर थेट आठ अंकी संख्येवर उडी पडते.

आता १ ते १२७ मधल्या विषम संख्यांच्या घनांची बेरीज कर. हीच संख्या येईल. का येते ते लिहून पाठव, आणि ६ ला ते का जमत नाही तेही.