विडी घरकुलातल्या नव्या डॉक्टरास

प्रिय डॉक्टर,

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, दवाखाना टाकलास, बरं केलंस. 'नडुमु नोप्पी', म्हणजे कंबरदुखी, एवढं तेलुगू पहिल्याच आठवड्यात शिकशील. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची कंबर दुखणारच, रात्रपाळीत मागावर उभ्या राहणाऱ्याचीही. कामामुळे दुखतंय, हे उत्तर इतकं हाताशी असतं की त्याच्या आड मायलोमा महिनोन्‌महिने लपून राहतो.

मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. पन्नाशीपुढच्या माणसाची कंबर किंवा बरगड्या महिनाभर दुखताहेत, हालचालीने जास्तच, आणि पापणी खाली ओढून पाहिली तर पांढुरकी, म्हणजे रक्त कमी, तर तिथे थांब. थकवा, घटतं वजन, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया यांची चौकशी कर. तहान फार, लघवी सारखी, पोट साफ नाही, असं असेल तर हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरत असेल. बायकांचं हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहाच्या गोळ्या, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचं ते 8 वर का आलं, हे कुणी विचारत नाही.

सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन एवढ्या रक्ताच्या तपासण्या आधी कर. ईएसआर 100 च्या वर, प्रोटीन जास्त पण अल्ब्युमिन कमी, असं दिसलं तर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या मायलोमाचं प्रोटीन रक्तात शोधणाऱ्या तपासण्या करायला सांग. मणका खचला, ईएसआर वाढला, की थेट टीबीची औषधं सुरू करायची घाई नको. एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नकोस, हाड बरंच झिजल्याशिवाय त्यावर काही उमटत नाही. लघवीची पट्टीही फसवते. तिला अल्ब्युमिन कळतं, मायलोमात लघवीत उतरणारं बेन्स जोन्स प्रोटीन कळत नाही.

आणि ते डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन! पेशंट मागेल, नाही दिलंस तर पलीकडच्या दवाखान्यात जाईल. जाऊ दे. मायलोमात किडनी आधीच अडचणीत असते, या औषधाने ती पार बसू शकते. क्रिएटिनिन येईपर्यंत पॅरासिटामॉलवर भागव.

पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी सिव्हिलला पाठव. कॅन्सरच्या उपचारांसाठी बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे. कुठेही पाठवलंस तरी चिठ्ठीवर 'मायलोमा असू शकतो' असं स्पष्ट लिही, रिपोर्ट जोड. नुसतं 'कंबरदुखी' लिहिलंस तर पेशंट पुन्हा हाडांच्या ओपीडीच्या रांगेत उभा राहील.