डिस्क रिकामी असूनही पोस्टग्रेस ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ का म्हणतं?

परळच्या पतपेढीसाठी तुम्ही डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवलाय. सर्व्हर नीट चालू होतो, पण महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट काढला की ‘कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट’ आणि त्यापुढे ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. डिस्क अर्धी रिकामी आहे, शेअर्ड_बफर्स (डेटा हाताशी ठेवायला पोस्टग्रेस घेतं ती मेमरी) कमी करूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो पडणारही नव्हता. आणि जागा करायची म्हणून जुने बॅकअप कृपया उडवू नका, कारण इथे डिस्कचा संबंधच नाही.

मोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पोस्टग्रेस अनेक वर्कर प्रोसेसमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅममध्ये) वाटून देतं. त्यांना आपसात डेटा द्यायला-घ्यायला जी सामायिक मेमरी लागते, ती लिनक्सवर ‘/डेव्ह/एसएचएम’ या मेमरीतल्या फोल्डरमधून येते. ‘नो स्पेस’ ही तक्रार त्याच जागेची आहे. डॉकर तिथे प्रत्येक कंटेनरला मुळात फक्त 64 एमबी देतो, मशीनची रॅम कितीही असो. एकेका खात्याचा उतारा काढताना ते जाणवत नाही. खातेदार आणि वर्षभराचे व्यवहार पॅरलल हॅश जॉइनने (सगळे वर्कर मिळून दोन टेबलं जोडतात त्या पद्धतीने) जोडायला घेतले की तेवढी जागा भरते. वर्क_मेम, म्हणजे जोडणीसारख्या एकेका कामाला दिलेली मेमरी, वाढवून ठेवलं असेल तर आणखी लवकर. शेअर्ड_बफर्सची मेमरी आवृत्ती 9.3 पासून, म्हणजे 2013 पासून, वेगळ्या मार्गाने घेतली जाते, म्हणून ती कमी करून इथे उपयोग नाही.

कंपोझ फाइलमध्ये (डॉकरचे कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये) पोस्टग्रेसच्या सर्व्हिसखाली एसएचएम_साइझ, म्हणजे त्या ‘/डेव्ह/एसएचएम’ची मर्यादा, 1 जीबी करा. ही फक्त कमाल मर्यादा आहे, तेवढी रॅम लगेच अडकत नाही. नुसता रीस्टार्ट पुरत नाही, कंटेनर नव्याने तयार करावा लागतो. त्याआधी डेटा नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या साठ्यात, आहे याची खात्री करा आणि बॅकअप घ्या. रिपोर्ट आजच द्यायचा असेल तर त्या सेशनपुरतं मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर शून्य करा, म्हणजे क्वेरी वर्करमध्ये वाटलीच जाणार नाही. वेळ जास्त लागेल, पण रिपोर्ट निघेल.

मी सीप्झमध्ये डेटाबेस सांभाळतो. नव्याने आलेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की लॉगमधली ओळ शेवटपर्यंत वाचा आणि नेमकं काय करताना अडलं ते बघा. एसएचएममॅक्स (लिनक्सची सामायिक मेमरीवरची जुनी मर्यादा) वाढवा हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. तो पोस्टग्रेसच्या 9.2 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी होता, तुमच्याकडे त्याला हात लावू नका. सर्व्हर सुरू होतानाच ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ आलं, तर मात्र शेअर्ड_बफर्स किंवा ह्यूज पेजेस (मेमरी मोठ्या तुकड्यांत देण्याची लिनक्सची सोय) तपासा.

आणखी एक एरर पुढे कधीतरी भेटेल: आधीचा शेअर्ड मेमरी ब्लॉक अजून वापरात आहे. तेव्हा पोस्टमास्टर.पीआयडी ही चालू सर्व्हरची नोंद ठेवणारी फाइल पुसून पुढे जायचा मोह होतो. ते करू नका. जुन्या सर्व्हरची एखादी प्रोसेस अजून जिवंत आहे, असं पोस्टग्रेस सांगत असतं. फाइल पुसून, मेमरीचा तो ब्लॉक जबरदस्तीने काढून दुसरा सर्व्हर चालू केलात तर दोघंही त्याच डेटावर लिहितील आणि लोकांच्या ठेवींच्या नोंदी बिघडतील. आधी ती प्रोसेस शोधून नीट बंद करा, मगच सर्व्हर सुरू करा.