विद्यार्थ्यांच्या नोंदींचं डेस्कटॉप ॲप्लिकेशन: गुण कोणत्या क्लासमध्ये ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की जावा आणि स्विंग (जावात खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून प्रोजेक्ट करताय, विद्यार्थी, विषय आणि शिक्षक असे तीन क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारे कोडमधले साचे, झालेत, पण गुण कुठे ठेवायचे तेच ठरत नाही. अडलात ते अगदी मोक्याच्या जागी. स्क्रीन बनवायचं काम दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी हे सोडवा, कारण बाकीचं डिझाइन यावरच उभं राहतं.

गुण एकट्या विद्यार्थ्याचे नसतात आणि एकट्या विषयाचेही नसतात. अमुक विद्यार्थ्याने अमुक सत्रात गणित घेतलं, या घटनेचे ते गुण. त्या घटनेलाच स्वतंत्र क्लास द्या. मी त्याला ‘नोंदणी’ म्हणतो. तिच्यात विद्यार्थी, विषय आणि सत्र यांचे संदर्भ ठेवायचे आणि सोबत ‘प्रयत्नां’ची यादी. प्रत्येक प्रयत्नात परीक्षेची तारीख, गुण आणि हजर होता की गैरहजर. गैरहजर मुलाला शून्य गुण लिहू नका, दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

माझ्या पहिल्या ॲप्लिकेशनमध्ये मी विद्यार्थी क्लासमध्येच गुण१ ते गुण६ अशी सहा फील्ड ठेवली होती. एका सत्रात सातवा विषय आला आणि टेबल, स्क्रीन, गुणपत्रक सगळंच बदलावं लागलं. ते निभावलं. पण पुनर्परीक्षेचे गुण भरले तेव्हा ते जुन्या गुणांवरच लिहिले गेले, आणि एका मुलीने आधीच्या निकालाची प्रत मागितली तेव्हा माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. ती गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून एकदा भरलेले गुण मी पुसत नाही. भरताना चूक झाली असली तरी जुनी नोंद ‘रद्द’ अशी खूण होऊन राहते, दुरुस्ती कोणी आणि कधी केली त्यासह, आणि तिच्या पुढे नवी नोंद येते.

एन्कॅप्सुलेशनचा, म्हणजे क्लासमधली माहिती बाहेरून थेट बदलता येऊ नये अशी झाकून ठेवण्याचा, खरा उपयोग इथेच आहे. ‘प्रयत्न’ क्लासमधलं गुणांचं फील्ड प्रायव्हेट करा आणि त्याला सेटर (किंमत बदलणारी मेथड) देऊच नका. गुण ० ते कमाल गुणांच्या मध्ये आहेत का ते कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, तपासा, म्हणजे चुकीचा ऑब्जेक्ट जन्मालाच येणार नाही.

इनहेरिटन्स (एका क्लासपासून दुसरा क्लास काढणं) दाखवायचं म्हणून ‘व्यक्ती’पासून विद्यार्थी आणि शिक्षक काढण्याचा मोह बहुतेकांना होतो. पण शिकता शिकता शिकवणारा संशोधक विद्यार्थी आला की तो कोणत्या क्लासचा? त्यापेक्षा व्यक्तीला भूमिका जोडा. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच हाकेला प्रत्येक क्लासने आपापल्या पद्धतीने काम करणं, शोभून दिसतं ते मूल्यांकनात: श्रेणी, टक्केवारी आणि नुसतं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या तीन पद्धती एकाच इंटरफेसमागे (कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणाऱ्या करारामागे) ठेवा. कोणती पद्धत लागू ते सत्राला जोडा, नाहीतर नियम बदलले की जुने निकालही बदलतील.

सरासरी टेबलमध्ये साठवू नका, लागेल तेव्हा मोजा. मोजताना डबल हा जावाचा दशांश संख्यांचा साधा प्रकार नको, दशांश अचूक ठेवणारा बिगडेसिमल घ्या. डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाही, आणि उत्तीर्णतेच्या सीमेवरच्या मुलासाठी तेवढा फरकही पुरतो. पूर्णांकन शेवटी एकदाच करायचं.

ॲप्लिकेशन एकाच संगणकावर चालणार असेल तर डेटाबेससाठी एसक्यूलाइट उत्तम: सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये, वेगळा सर्व्हर लागत नाही. मात्र त्यात फॉरेन की (एका टेबलमधली नोंद दुसऱ्या टेबलमधल्या खऱ्या नोंदीलाच जोडलेली आहे ना, हे पाहणारा नियम) सहसा मुळात बंदच असते, दर कनेक्शनला ती चालू करावी लागते. हे विसरलात तर विद्यार्थी डिलीट होतो आणि त्याच्या नोंदणी मागे लोंबकळत राहतात. रोल नंबरला प्रायमरी की (नोंदीची कायमची ओळख) करू नका, तो दर वर्षी बदलू शकतो. क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच लिहा, म्हणजे किमती क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळ्या द्या. डेटाबेसचं जड काम स्विंगवर्करकडे (पडद्यामागे काम करणाऱ्या स्विंगच्या क्लासकडे) द्या, नाहीतर यादी येईपर्यंत खिडकी गोठून बसेल.

आता सुरुवात. एकही बटण न काढता जेयुनिटमध्ये (जावा कोड तपासायच्या लायब्ररीत) तीन टेस्ट लिहा: एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झालेला विद्यार्थी, परीक्षेला गैरहजर राहिलेला, आणि तोच विषय दोन सत्रांत घेतलेला. या तिन्हींचं गुणपत्रक बरोबर आलं की स्क्रीनला हात घाला. एखाद्या टेस्टमध्ये अडलात तर तुमचे क्लास इथेच खाली टाका, मी नक्की पाहीन.