गावात ज्येष्ठांसाठी एक दिवसाचं आरोग्य शिबिर घ्यायचंय, कोणाकोणाला बोलवावं?

तुमचा प्रश्न असा, की करवीर तालुक्यातल्या गावात तालीम मंडळातर्फे साठीच्या पुढच्या लोकांसाठी मोफत शिबिर घ्यायचंय, तर कोणत्या संस्था बोलवायच्या आणि कोणत्या तपासण्या ठेवायच्या. माझं मत स्पष्ट आहे: एक दिवसाचं घेऊच नका.

नदीकाठच्या एका गावात १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, असंच शिबिर झालं. साखर तपासायची म्हणून म्हाताऱ्यांना उपाशीपोटी बोलावलं. पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, मग भाषणं. काहीजण मधुमेहाची गोळी खाऊन आले होते आणि पोटात दुसरं काही नाही. साखर उतरून माणूस कोसळायला एवढं पुरतं. बाकीच्यांना ताटकळत ठेवलं म्हणून चहा दिला आणि लगेच बीपी मोजलं. हात लोंबकळत, शेजारी गप्पा, जाड दंडालाही तोच छोटा पट्टा. या प्रत्येक गोष्टीनं आकडा वर जातो. नंतर हातात चिठ्ठी: 'बीपी जास्त, डॉक्टरांना भेटा.' कुठल्या डॉक्टरांना, कधी, सोबत कोण जाणार? आयोजकांकडे फोटो राहिले, यादी राहिली नाही. पुढच्या वर्षी तीच माणसं, तेच बीपी. 'निदान कळलं तरी' असं सांगणाऱ्यांशी मी अजून भांडतो. कळून गोळी सुरू झाली नाही तर कळण्याचा उपयोग काय?

म्हणून आधी यादी करा. त्यासाठी मोठ्या रुग्णालयाकडे धावू नका, गावच्या आशाताईंकडे जा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली) त्या भरतात आणि त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात: उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं विसरता का. ज्यांची उत्तरं 'हो' आहेत ती तुमची पहिली माणसं. उपकेंद्रातल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकारी) सुरुवातीपासून सोबत घ्या, कारण बीपी-शुगरच्या गोळ्या पुढे तिथूनच मिळणार आहेत. पैसा लागला तर ग्राम आरोग्य समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी येतो, तो मागा. जागा म्हणून दूध संस्था पाहा. सकाळी दूध घालायला निम्मं गाव तिथं येतंच आणि कोण चार दिवस आलं नाही हे तिथल्या लोकांना पहिलं कळतं.

एका सकाळी ४० पेक्षा जास्त माणसं नकोत. माणशी १५ मिनिटं धरा, म्हणजे तीन टेबलांवर साडेतीन तासांत आवरतं. बीपीला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीवर, चहा-तंबाखू आधी अर्धा तास नाही, दोनदा मोजा. मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नं उतरला तर रात्री लघवीला उठताना पडणारा माणूस हाच. साखरेसाठी बोट साबणानं धुऊन कोरडं करा. गुळाचा हात तसाच टोचला तर आकडा खोटा वाढतो. कोणाला उपाशी बोलवू नका. कधीही घेतलेली साखर १४० च्या वर आली तर उपाशीपोटीची तपासणी नंतर उपकेंद्रात.

सगळ्यात कामाची तपासणी खुर्चीची. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची, हात छातीवर, पाच वेळा उठ-बस. १४ सेकंदांत जमलं नाही तर पायांतली ताकद गेली आहे. इथं तालमीचं खरं काम सुरू होतं. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठणं, टाचा उचलणं, एका रेषेत पावलं टाकणं. फिजिओथेरपीच्या मुलांकडून एकदा शिकून घ्या आणि तालमीतल्या पोरांनी पुढं चालवा. नुसतं चालून तोल सुधारत नाही.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. दोन डॉक्टरांकडची एकच गोळी वेगवेगळ्या नावांनी चालू असते. गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी बीपी वाढवते, किडनीला मारते. गोळ्या बंद-चालू तुम्ही करू नका, यादी सीएचओंकडे द्या. मिठाचंही बोला: दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा. आपल्याकडं खर्डा, लोणचं आणि पापडातच तेवढं होतं.

चिखली-आंबेवाडीसारख्या पुराचं पाणी शिरणाऱ्या गावांत असाल तर पावसाळ्याआधी अंथरुणाला खिळलेल्यांची वेगळी यादी करा: घर, कोण उचलणार, कुठं नेणार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे सांगावं लागू नये. पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ टांगून.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मोतीबिंदू किंवा मोठ्या तपासणीला पाठवायचं असेल तर चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका, तालमीतला एकजण सोबत द्या. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. कार्ड काढताना शेतात राबलेल्या बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, म्हणून आधारला मोबाइल जोडलेला आहे का ते आदल्या दिवशी पाहा. पासष्टीच्या पुढच्यांना काठी, चष्मा, कानाच्या मशीनसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये आहेत, अट एवढीच की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं.

हे राहिलं: खुर्चीच्या तपासणीला शेजारी धरायला माणूस हवाच, आणि छातीत दुखतंय किंवा उभं राहताच चक्कर येते म्हणणाऱ्यांना ती करायला लावू नका. बीपी १८० च्या वर आणि सोबत डोकं, छाती, धाप यांपैकी काही असेल तर रांग सोडून थेट १०८.