कबरेपाशी कृपा थांबते काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे माहेर जालना जिल्ह्यातील एका खेड्यात असून आमची ही चौथी ख्रिस्ती पिढी आहे. माझ्या थोरल्या भावाने चार वर्षांपूर्वी आत्महत्या केली. कोरडवाहू जमीन, लागोपाठ दोन वर्षे हातचा गेलेला कापूस, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज हे सगळे होतेच. परंतु शेवटच्या वर्षात तो रात्र रात्र झोपत नव्हता आणि कोणाशी बोलतही नव्हता, याचा अर्थ आम्हांला नंतर उमगला. दफनविधीच्या वेळी एका ज्येष्ठ सेवकांनी सर्वांदेखत सांगितले की, पश्चात्तापाला वेळ न ठेवता जो गेला त्याला आता काहीच आशा नाही आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणे हेही पाप आहे. तेव्हापासून आईने प्रभुभोजन घेतलेले नाही. देवाची कृपा मरणापाशी संपते का? मी भावासाठी प्रार्थना करू का?
(एक भगिनी, जालना जिल्हा)

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठी आपण चार वर्षे थांबला आहात. प्रार्थना करा; ते पाप नाही. ज्या वाक्याने आपल्या आईला प्रभूच्या मेजापासून दूर नेले ते उच्चारण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही, मलाही नाही, आणि मंडळीचा एक सेवक या नात्याने मी आपल्या आईची क्षमा मागतो.

स्वतःचे जीवन संपवलेल्या माणसांच्या कथा पवित्र शास्त्रात आहेत. शास्त्र त्या घटना सांगते, परंतु केवळ त्या शेवटच्या कृत्यावरून कोणाच्याही चिरंतन गतीचा निवाडा करत नाही. गिलबोवा डोंगरावर शौल राजाचा असा शेवट झाला, तेव्हा याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालून त्याचे प्रेत घेऊन आले, त्यांनी त्याच्या अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. ज्या दाविदाला शौलाने वर्षानुवर्षे रानोमाळ पळवले होते त्याच दाविदाने त्याच्यासाठी विलापगीत रचले, आणि त्या गीतात शौलाच्या शेवटाला दूषण देणारा एक शब्दही नाही. गळफास घेतलेल्या अहिथोफेलाला त्याच्या पित्याच्या कबरेत पुरले, एवढेच शास्त्र नोंदवते. शत्रूंबरोबर स्वतःचाही अंत ओढवून घेणारा शमशोन इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांच्या मालिकेत बसला आहे. प्रभूला शत्रूंच्या हाती देऊन नंतर गळफास घेतलेल्या यहूदाविषयी प्रभूने काढलेले कठोर उद्गार नेहमी पुढे केले जातात. परंतु ते त्याच्या विश्वासघाताविषयी आहेत आणि त्याच्या मृत्यूच्या आधीचे आहेत.

मला मात्र आपल्या भावाविषयी वाचताना संदेष्टा एलीया आठवला. तो रानात एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणतो आणि झोपी जातो. देवदूत येतो तो त्याला दोष देत नाही. हात लावून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो, पुन्हा झोपू देतो, दुसऱ्यांदा उठवून जेवू घालतो आणि म्हणतो की, ही वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. आपल्या भावाच्या उशाशी तशी भाकर घेऊन आपण कोणीच वेळेवर पोहोचलो नाही, याचे दुःख मंडळीने आपल्या पदरात घ्यायला हवे होते. तिने त्याऐवजी कबरेपाशी निकाल वाचून दाखवला.

हा निकाल मंडळीने फार काळ वाचला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात ‘खून करू नको’ या आज्ञेत स्वतःचा जीवही येतो असे प्रतिपादन केले, आणि त्यात जीवनाविषयीचा आदर होता. परंतु सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील धर्मसभेने अशा मृतांना धार्मिक विधी नाकारले आणि आदराचे रूपांतर शिक्षेत झाले. ती शिक्षा मृताला नव्हे, मागे राहिलेल्या विधवेला, आईला आणि लेकरांना भोगावी लागली. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या १९१७ च्या कायदेसंहितेत हा निर्बंध होता. १९८३ च्या संहितेतून तो गेला. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात तर असे म्हटले आहे की, अतीव मानसिक क्लेशाने माणसाची जबाबदारी कमी होते, ज्या मार्गांची माहिती केवळ देवालाच आहे त्या मार्गांनी तो अशा व्यक्तीला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही असे पाऊल उचलणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरतो. सरकारी कायद्याला जेवढी करुणा सुचली तेवढीही कृपेचा प्रचार करणाऱ्या मंडळीला सुचू नये, याची मला लाज वाटते.

आता ‘पश्चात्तापाला वेळ नव्हता’ या मुद्द्याकडे येऊ. झोपेत हृदय बंद पडून गेलेला विश्वासू माणूस, रस्त्यावरच्या अपघातात क्षणार्धात गेलेला तरुण, स्मृती हरवून बसलेली वृद्धा यांपैकी कोणाला शेवटची कबुली देता येते? आपण सगळेच काही ना काही कबूल न करता मरणार आहोत. शेवटच्या मिनिटाची कबुली ही जर तारणाची किंमत असेल, तर ती कृपा राहत नाही, व्यवहार होतो. आणि वेळ लागतोच किती? प्रभूशेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या गुन्हेगाराचे एकच वाक्य होते आणि त्याला ‘आज’ सुखलोकाचे अभिवचन मिळाले. फ्रान्समधील आर्स या गावचे धर्मगुरू जॉन वियान्नी (१७८६ ते १८५९) यांच्याकडे अशाच मृत्यूने विधवा झालेली एक स्त्री आली असता, तुमच्या पतीला त्या शेवटच्या क्षणी पश्चात्ताप करण्याइतका अवधी मिळाला, असे त्यांनी तिला सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. पाळकाने शोकाकुल घरात कसे बोलावे याचा तो धडा मी अनेक वर्षे जवळ बाळगला आहे.

पौल कलस्सैकरांस लिहितो की, आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळला. ज्या घराला कर्जाचा कागद काय असतो हे ठाऊक आहे त्या घराला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. ज्या भावाला या जगातील एकही कागद फाडता आला नाही, त्याच्या नावावरचा सर्वांत मोठा कागद दोन हजार वर्षांपूर्वीच खिळला गेला आहे.

मरणापाशी कृपा थांबते काय, हा आपला मूळ प्रश्न. दर रविवारी आपण मतांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना ‘तो अधोलोकात उतरला’ असे म्हणतो आणि पुढच्या वाक्याकडे जातो. हे वाक्य शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधल्या शनिवारचे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१९ आणि ४:६) ख्रिस्ताने बंदिवासातील आत्म्यांना घोषणा केली आणि मृतांनाही सुवार्ता सांगण्यात आली, असे म्हटले आहे. या वचनांच्या अर्थाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, परंतु मेलेल्यांची जागा ही ख्रिस्ताने पाऊल न ठेवलेली जागा नाही, एवढे त्यांतून निश्चित कळते. पौर्वात्य मंडळ्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रांत प्रभू अधोलोकाची मोडलेली दारे तुडवत उभा असतो आणि आदाम व हव्वा यांना कबरांतून वर ओढत असतो. पुष्कळ चित्रांत त्याने त्यांचा हात नव्हे तर मनगट धरलेले असते. गोदावरीच्या पुरात माणूस ओढून काढताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातील फरक कळेल : हातात हात असला तर बुडणाऱ्यालाही घट्ट धरावे लागते, मनगट धरले की त्याची पकड सुटली तरी काढणाऱ्याची सुटत नाही.

या उत्तराविरुद्ध इब्री लोकांस पत्रातील ९:२७ हे वचन आपल्याला दाखवले जाईल : माणसांना एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय होणे नेमून ठेवले आहे. ते खरे आहे आणि मी ते पुसत नाही. परंतु वाक्य तेथे संपत नाही, अठ्ठाविसाव्या वचनात ते पूर्ण होते, आणि तेथे पुष्कळांची पापे वाहण्यासाठी एकदाच अर्पण झालेला ख्रिस्त आहे. न्याय होणार, पण न्यायाधीशाच्या हातांवर खिळ्यांचे व्रण असणार. सर्वांचे तारण होणारच अशी खात्री मी देत नाही, कारण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील सार्वकालिक शिक्षेचा इशारा प्रभूचाच आहे आणि माणसाला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य देवाने दिले आहे. सर्वांचे पूर्वपदावर येणे, म्हणजे शेवटी सर्वांचेच तारण होणे, अटळच आहे, हे प्राचीन धर्मपंडित ओरिजेनच्या नावाशी जोडलेले मत मंडळीने सहाव्या शतकात नाकारले. त्याचप्रमाणे अमुक माणूस नरकात आहे असे नाव घेऊन सांगण्याची मुभाही आपल्याला नाही. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:४) वाचल्यावर, तीच इच्छा आपण आपल्या प्रार्थनेत ठेवली तर देवाच्या विरुद्ध कसे जातो?

आपली मंडळी प्रॉटेस्टंट परंपरेतील दिसते, म्हणून मार्टिन ल्यूथरचा दाखला देतो. मृतांविषयी शास्त्र काही सांगत नाही, तरी ‘हे देवा, या आत्म्याची स्थिती दयेला पोहोचण्याजोगी असेल तर त्याच्यावर कृपा कर’ अशा आशयाची प्रार्थना मोकळ्या मनाने करणे पाप नाही, असे त्याने १५२८ मध्ये लिहिले. एकदोनदा केली की पुरे, असेही तो म्हणाला. तेवढ्याच वेळा करा असा आग्रह मी धरणार नाही. आईला घेऊन एखाद्या संध्याकाळी कबरेपाशी जा, भावाचे नाव मोठ्याने घ्या आणि हेच शब्द म्हणा. त्यानंतर येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी त्यांच्याशेजारी बसा. त्यांना एकट्याने पुढे जाणे जड जाईल.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मृताविषयीची ही आशा जिवंत माणसाला त्या वाटेने जाण्याची परवानगी नाही. एलीयाला देवाने उठवले ते पुढे चालण्यासाठी. आपल्या घरात, विशेषतः भावाच्या मुलांमध्ये, कोणाची झोप उडाली असेल, कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, तर त्याला सरळ विचारा, एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : माझी आजी दरवर्षी पंढरीची वारी करत असे. आम्ही नंतर ख्रिस्ती झालो. तिने बाप्तिस्मा घेतला नाही आणि ती गेली. तिच्याविषयी काय मानावे?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : हा प्रश्न मराठवाड्यातील प्रत्येक ख्रिस्ती घराचा आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली, आणि जी कुटुंबे तेथे आली त्या प्रत्येकाच्या मागे ख्रिस्ताचे नाव कधीही न ऐकलेले आजे-पणजे होते. संत फ्रान्सिस झेवियरने जपानहून परतल्यावर १५५२ मध्ये लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे की, पूर्वजांची नरकातून सुटका नाही असे ऐकून तेथील नवे विश्वासी रडत असत. त्याची निष्ठा मोठी होती, पण त्या उत्तराबाबत मला ती रडणारी माणसेच सुवार्तेच्या अधिक जवळ वाटतात.

रोमन कॅथॉलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेच्या १९६४ च्या मंडळीविषयक घोषणापत्रात असे शिकवले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, परंतु जे शुद्ध अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकातून कळणारी त्याची इच्छा कृपेच्या साहाय्याने पाळण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकते. कृपेशिवाय कोणी तरत नाही, हा विश्वास त्यात अबाधित राहतो. केवळ कृपा आपल्या नोंदवहीपेक्षा मोठी मानली जाते. अब्राहामाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. आपल्या आजी ज्या वाटेने आयुष्यभर चालल्या तिच्यावर त्यांना कोण भेटत होते हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्यांची माळ सांभाळून ठेवा आणि त्यांना देवाच्या हाती सोपवा.

प्रश्न : २ नोव्हेंबरला, सर्व मृत विश्वासी जनांच्या स्मरणदिनी, कबरांवर मेणबत्त्या लावणे म्हणजे सर्वपित्रीचेच दुसरे रूप नाही का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. हा दिवस फ्रान्समधील क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडिलो याने इ. स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत सुरू केला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. श्राद्धात पितरांना अन्न पोहोचवण्याची भावना आहे. मेणबत्ती मृताला काही पोहोचवत नाही, ती पुनरुत्थानाच्या प्रकाशाची खूण आहे आणि तिच्यासोबत होणारी प्रार्थना देवाला असते. ज्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना हा दिवस परका वाटतो, त्यांनी पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे कबरस्तानात जाऊन गीते म्हणावीत. कित्येक ठिकाणी तशी प्रथा आहेच, आणि आदल्या दिवशी गवत काढून कबरा स्वच्छ करायला मुलांना सोबत न्यावे.