साबण आहे, हात कोरडेच

प्रश्न : मी आशा गटप्रवर्तक आहे. जंतू, जुलाब, हात धुण्याच्या पायऱ्या, सगळं सांगून झालं. बायका माना डोलावतात, घरी गेल्या की ये रे माझ्या मागल्या. आता नव्या प्रकल्पात डॉक्टरांच्या जोडीला मानसशास्त्राचे लोक आणि एक जाहिरातवाला येणार म्हणे. हात धुवायला जाहिरातवाला कशाला?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, जाहिरातवाल्याला चहा पाजा, परत पाठवू नका. जुलाब कशाने होतात ते आम्हा डॉक्टरांना कळतं. समोर साबण असूनही माणूस त्याला हात का लावत नाही, हे एमबीबीएसला कोणी शिकवलं नाही.

आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत असा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१४ साली छापून आले. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचे संशोधक, बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेची माणसं आणि एक जाहिरात संस्था एकत्र बसली. आजाराची भीती त्यांनी बाजूला ठेवली आणि किळस व आईपण यांना हात घातला. त्यांच्या मोहिमेतलं एक पात्र 'सुपरअम्मा', ही मुलाला चांगलं वळण लावणारी आई. आणि 'लाडू लिंगम' हा चिखल नि किडे घालून लाडू वळणारा गलिच्छ इसम. (कुणा डॉक्टरला हे सुचलं असतं?)

आधी मोहीम झालेल्या गावांत साबणाने हात धुण्याचं प्रमाण होतं १ टक्का. सहा महिन्यांनी ३७ झालं. ज्या गावांत तोवर मोहीम नव्हती तिथे ६. आणि हे आकडे विचारून मिळवलेले नव्हते, निरीक्षक घरात बसून बघत होते. विचारलं तर 'आम्ही नाही धुत' कोण म्हणेल? वर्षानंतर मात्र आकडा २९ वर आला, तेव्हा जादूबिदू समजू नका.

तुमचं काम इथेच आहे. चित्तूरचा लाडू तुमच्याकडे चालेलच असं नाही. तुमच्या बायकांना कशाची शिसारी येते, ते तुम्हीच सांगायचं. दुसरं, साबण घरात कुठे असतो? न्हाणीत असेल आणि संडास अंगणाच्या टोकाला, तर किळस वाटूनही बाई ओल्या हाताने चुलीपाशीच जाणार. हे जाहिरातवाल्याला शहरात बसून दिसत नाही, मानसशास्त्रवाल्यालाही नाही.

पहिल्याच बैठकीत हे बोला. डॉक्टर बोलून दमण्याची वाट बघू नका, आम्ही दमत नाही.