मेंदूतल्या सुया आणि लष्कराचा पैसा

प्रश्न : मेंदूचे संकेत वाचण्याच्या संशोधनात अमेरिकेत लष्कराचा पैसा कशाला?

उत्तर : माझ्या टेबलावर 'युटा ॲरे' आहे, म्हणजे मेंदूत बसवून त्याचे विद्युत-संकेत टिपणारी चकती. जेमतेम ४ मिलिमीटरचा चौकोन, त्यावर १०० सुया. भिंग लावल्याशिवाय धड दिसतही नाहीत. असल्या वस्तूवर वर्षानुवर्षं खर्च कोण करणार? युद्धातून हात गमावलेले सैनिक परतत होते, म्हणून 'डार्पा'ने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, २००६मध्ये मेंदूच्या संकेतांवर चालवता येईल अशा कृत्रिम हाताचा कार्यक्रम काढला. तिथले कार्यक्रम-व्यवस्थापक साधारण ३ ते ५ वर्षंच असतात, त्यामुळे सगळ्यांना घाई. मूलभूत कामाला जरा मोकळा श्वास मिळाला तो २०१३च्या 'ब्रेन इनिशिएटिव्ह' या अमेरिकी सरकारच्या मेंदू-संशोधन उपक्रमानंतर. माझा पहिला प्रस्ताव मात्र साभार परत आला होता. शेरा एवढाच : सुयांभोवती व्रण धरला की संकेत क्षीण होतील, मग काय? आठवडाभर धुमसत होतो. उत्तर माझ्याकडे नव्हतंच.